केमोआधी स्त्रीबीजं गोठवावीत का? एका मोठ्या बहिणीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटी बहीण २६ वर्षांची, सातारा जिल्ह्यातली, साखरपुडा झालेला. स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा कॅन्सर), हर-टू या प्रथिनासाठी निगेटिव्ह, काखेतल्या एका गाठीत रोग सापडला. तीन आठवड्यांनी केमो सुरू होणार. ऑन्कोलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरतज्ज्ञ, जाता जाता म्हणाले, ‘स्त्रीबीजं गोठवून ठेवायची का, ते ठरवा.’ आई म्हणते, आधी पोर वाचू दे, मुलाबाळांचं मग बघू. वडिलांना खर्चाची काळजी. होणारा नवरा म्हणतो, दोघांची बीजं मिळवून भ्रूणच तयार करून ठेवू. सासरी मात्र ‘साधी गाठ होती’ एवढंच सांगितलंय. हार्मोनची इंजेक्शनं घेतल्यानं कॅन्सर वाढेल का, केमोला उशीर होईल का, एवढं करून मूल होईलच का, आणि सासरी खरं सांगायचं का, असं मोठ्या बहिणीनं विचारलं आहे.

ताई, तुमच्या पत्रात आईचं म्हणणं आहे, वडिलांचं आहे, होणाऱ्या मेहुण्यांचंही आहे. जिच्या शरीराबद्दल हे चाललंय तिला काय वाटतं, ते मात्र मला कुठे सापडलं नाही. वंध्यत्वाच्या उपचारांत माझी बरीच वर्षं गेली आणि कॅन्सर विभागाकडून आमच्याकडे पाठवलेल्या मुली मी सतत बघते. त्यातल्या बऱ्याच जणींच्या घरी असंच असतं. घाबरलेली माणसं, तिला त्रास नको म्हणून, तिच्या अपरोक्ष ठरवून मोकळी होतात. म्हणून माझं पहिलं सांगणं: हे उत्तर वाचून झालं की तिच्याजवळ बसा आणि सगळं तिला सांगा. तिनं ‘नको’ म्हटलं तरी चालेल, तेही पूर्ण उत्तर आहे. पण तिला न विचारता केमो सुरू झाली, तर नंतर ही संधी परत आणता येत नाही.

आता वैद्यकीय भाग.

मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या दोन्ही बीजकोशांत मिळून दहा ते वीस लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात. नवी तयार होत नाहीत. स्तनाच्या कॅन्सरच्या केमोत बहुधा सायक्लोफॉस्फमाइड असतं, आणि हे औषध वाढणाऱ्या बीजांबरोबर झोपलेल्या बीजांनाही मारतं. नुकसान किती होईल ते औषधाच्या एकूण मात्रेवर आणि त्याहून जास्त वयावर ठरतं. चाळिशीतल्या बाईची पाळी केमोनंतर कायमची जाण्याची शक्यता मोठी असते. २६ व्या वर्षी पाळी परत येण्याचीच शक्यता जास्त. पण पाळी आली म्हणजे सगळं पूर्ववत झालं, असं समजू नका. साठा कमी झालेला असतो, आणि पाळी कायमची जाण्याचं वय काही वर्षं अलीकडे येऊ शकतं.

तुमच्या बहिणीच्या बाबतीत केमोपेक्षाही मोठा प्रश्न वर्षांचा आहे, आणि हे घरच्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. ईआर-पीआर पॉझिटिव्ह म्हणजे केमो आणि रेडिएशन संपल्यावर टॅमॉक्सिफेनसारखी हार्मोनविरोधी गोळी किमान पाच वर्षं, काही जणींना दहा वर्षं. काखेत रोग असल्यामुळे तिला बीजकोश शांत ठेवणारं इंजेक्शनही त्याबरोबर सुचवलं जाईल, अशी शक्यता आहे. या काळात गर्भ राहून चालत नाही, टॅमॉक्सिफेनमुळे गर्भात व्यंग येऊ शकतं. म्हणजे आज २६ वर्षांची मुलगी आईपणाच्या दाराशी बत्तिशीत पोचणार, तीही केमोनं साठा कमी केलेल्या बीजकोशांसह. आज काढलेली बीजं मात्र २६ वर्षांचीच राहतात.

पूर्ण पाच वर्षं थांबावंच लागतं का? त्यावर २०२३ मध्ये चांगली माहिती आली. ‘पॉझिटिव्ह’ नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ४२ वर्षांपर्यंतच्या स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षं गोळी घेतली, मग मुलासाठी ती दोन वर्षांपर्यंत थांबवली आणि नंतर पुन्हा सुरू करायची असं ठरलं होतं. तीन वर्षांत कॅन्सर उलटण्याचं प्रमाण त्यांच्यात ८.९ टक्के होतं, गोळी न थांबवलेल्या तशाच स्त्रियांच्या जुन्या नोंदींत ९.२ टक्के. जवळजवळ ६४ टक्के जणींना मूल झालं. हा निकाल दिलासा देणारा आहे, पण मागोवा थोड्या वर्षांचा आहे, आणि हार्मोनवर वाढणारा कॅन्सर दहा-पंधरा वर्षांनीही डोकं वर काढू शकतो. त्यामुळे गोळी कधी थांबवायची हे त्या वेळी तिच्या ऑन्कोलॉजिस्टनीच ठरवायचं.

आईंच्या भीतीकडे वळते. ती अगदी रास्त आहे. कॅन्सर हार्मोनवर वाढणारा आणि आपण हार्मोनची इंजेक्शनं देणार, हे ऐकून कुणाच्याही पोटात गोळा येईल. याच कारणासाठी अशा रुग्णांना पहिल्या दिवसापासून लेट्रोझोल नावाची गोळी सोबत देतात. ती इस्ट्रोजेन बनू देत नाही, त्यामुळे बीजं वाढत असतानाही रक्तातलं इस्ट्रोजेन साधारण नेहमीच्या पाळीच्या महिन्याइतकंच राहतं. बीजं काढल्यानंतरही काही दिवस ती चालू ठेवतात. हीच गोळी उतारवयातल्या स्तनाच्या कॅन्सरवर उपचार म्हणून वापरतात, हे आईंना सांगा, त्यांना धीर येईल. स्वीडनमध्ये देशभरातल्या नोंदी तपासून २०२२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अशी इंजेक्शनं घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांत कॅन्सर उलटण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. आयुष्यभराची हमी कुठलाच अभ्यास देत नाही. पण आज हाती असलेल्या पुराव्यावर मी माझ्या घरच्या मुलीलाही हे करू देईन.

उशिराचं म्हणाल तर, पूर्वी पाळी येईपर्यंत थांबावं लागायचं आणि त्यात महिना जायचा. आता पाळीच्या कुठल्याही दिवशी सुरुवात करता येते. पोटावर रोज इंजेक्शन, साधारण दहा-बारा दिवस. मधे चार-पाच वेळा सोनोग्राफी आणि रक्ततपासणी. बीजं पक्व झाली की शेवटचं इंजेक्शन, त्यानंतर साधारण दीड दिवसानं छोटी भूल देऊन ती काढायची. पंधरा-वीस मिनिटांचं काम, संध्याकाळी घरी. दोन-तीन दिवसांनी केमो सुरू करता येते. ऑपरेशन आणि केमो यांच्यामध्ये जखम भरायला तसेही काही आठवडे जातात, त्याच काळात हे बसतं. तुमच्याकडे तीन आठवडे आहेत, म्हणजे पुरेसे आहेत. पण आठवडाभर नातेवाइकांचे सल्ले घेत बसलात तर पुरणार नाहीत. केमो सुरू झाल्यावर मधेच बीजं काढणं आम्ही टाळतो, कारण वाढीला लागलेल्या बीजांवर तोवर औषधाचा मार बसलेला असतो.

त्रास काय होतो, तेही सांगते. पोट जड वाटतं, फुगतं, चिडचिड होते. बीजकोश फार सुजून पोटात पाणी होण्याचा धोका पूर्वी असायचा, आता शेवटचं इंजेक्शन वेगळ्या प्रकारचं देतात त्यामुळे तो बराच कमी झाला आहे. कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता मुळातच जास्त असते, म्हणून काहींना रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन द्यावं लागतं. पायाला एका बाजूला सूज आली, छातीत दुखलं, धाप लागली तर त्याच क्षणी कळवायचं.

लग्न न झालेल्या मुलींच्या आया एक गोष्ट चारचौघांत विचारत नाहीत, दाराशी थांबून हळूच विचारतात. बीजं योनीमार्गातून, सोनोग्राफीच्या नळीबरोबरच्या सुईनं काढतात. शरीरसंबंध आलेला नसेल तर दरम्यानच्या सोनोग्राफी पोटावरून करता येतात. शेवटची प्रक्रिया मात्र भूल देऊन बहुधा खालूनच करावी लागते, त्यात योनीपटल ताणलं जाऊ शकतं. हे मुलीला आधी सांगितलं पाहिजे आणि तिचा होकार घेतला पाहिजे. त्यावरून तिच्या चारित्र्याबद्दल कुणालाही काही बोलण्याचा अधिकार नाही, आणि ही माहिती दवाखान्याबाहेर जाण्याचं कारणही नाही.

आता मूल होईलच का? नाही, खात्री नाही, आणि जो खात्री देईल त्याच्यापासून सावध राहा. समजा, दहा पक्व बीजं मिळाली. वितळवल्यावर त्यातली आठ-नऊ जिवंत राहतील, सहाएक फळतील, त्यातून पाच दिवसांपर्यंत वाढणारे दोन-तीन भ्रूण मिळतील. प्रत्येक भ्रूण रुजतोच असं नाही. २६ व्या वर्षी बीजांचा दर्जा चांगला असतो, म्हणून दहा-पंधरा बीजं मिळाली तर एका मुलाची आशा चांगली. तिच्या बीजकोशात साठा किती आहे, हे एएमएच नावाची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी यावरून आधीच बऱ्यापैकी कळतं. एएमएच फारच कमी आलं आणि चार-पाचच बीजं मिळतील असं दिसलं, तर मी तसं तोंडावर सांगते. त्या परिस्थितीत पैसे आणि ताकद यात घालायची का, याचा हिशेब वेगळा होतो.

हेही लक्षात ठेवा की गोठवलेली बीजं वापरायला परत येणाऱ्या कमीच असतात. स्पेनमधल्या एका मोठ्या अभ्यासात कॅन्सरमुळे बीजं गोठवलेल्या स्त्रियांपैकी शंभरात आठ जणीही ती वापरायला आल्या नव्हत्या. काहींना आपोआप दिवस गेले, काहींचे उपचार चालूच होते, काहींनी मूल नको ठरवलं, काही वाचल्या नाहीत. म्हणून पैसे वाया गेले, असं मला वाटत नाही. केमोच्या खुर्चीवर बसलेल्या मुलीला पुढचा काहीतरी विचार करता येतो, याचं मोल मी जवळून पाहिलंय. पण जिला हे ओझं वाटतं, जी म्हणते ‘मला आत्ता आणखी सुया नकोत’, तिला यात ढकलू नये. अशाही मुली येतात, शांतपणे ऐकून नाही म्हणतात आणि नंतर त्यांना त्याचा पश्चात्ताप होतोच असं नाही. ज्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, त्यांचं दुःख वेगळं असतं. त्या चार-पाच वर्षांनी पाळी गेली म्हणून येतात आणि विचारतात, ‘तेव्हा काही करता आलं असतं का?’

भ्रूण की नुसती बीजं, यावर माझं मत पक्कं आहे: तुमच्या बहिणीनं बीजंच गोठवावीत. होणाऱ्या नवऱ्याची इच्छा चांगल्या मनानं आली असेल, त्याबद्दल शंका नाही. पण २०२१ चा एआरटी, म्हणजे सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा, कायदा जोडपं म्हणतो तेव्हा विवाहित जोडपं धरतो. साखरपुड्याला तिथे अर्थ नाही. उलट २१ वर्षांवरची अविवाहित स्त्री स्वतःची बीजं स्वतःच्या सहीनं गोठवू शकते, त्यासाठी कुणा पुरुषाची परवानगी लागत नाही. आणि समजा घाईनं लग्न लावलंत, तरी भ्रूणावर दोघांचा हक्क असतो. उद्या संबंध बिघडले तर एकाच्या नकारानं तो वापरता येत नाही. बीजांवर फक्त तिचा हक्क राहतो. गोठवण्याच्या आताच्या पद्धतीत, म्हणजे झटकन उणे १९६ अंशांवर नेण्यात, बीजं चांगली टिकतात. बीजं गोठवणं ‘प्रायोगिक’ नाही, असं अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१२ मध्येच जाहीर केलं. तेव्हा भ्रूणच जास्त खात्रीचा, या जुन्या समजुतीला फारसा आधार उरलेला नाही. केमोपूर्वी दोन आठवड्यांत लग्न उरकायची टूम कुणी काढली तर ती मोडून काढा. भ्रूणासाठी लग्न लावू नये.

सासरच्यांना सांगायचं का, हा खरं तर डॉक्टरचा विषय नाही, पण विचारलंय म्हणून सांगते. केस गळतील, महिनोन्महिने उपचार चालतील, पाच वर्षं गोळी असेल. हे लपणार नाही. नवऱ्याला सगळं माहीत आहे ही मोठी जमेची बाजू आहे. त्याच्या आईवडिलांना काय आणि कधी सांगायचं, ते त्या दोघांनी ठरवावं. बीजं गोठवल्याचं सांगायचं की नाही, हे तर फक्त तिनंच. दवाखान्यातून कुणी फोन करून सांगणार नाही.

खर्च. पुण्या-मुंबईत एका फेरीला औषधांसकट साधारण दीड ते अडीच लाख रुपये येतात, शिवाय साठवणुकीचं वार्षिक भाडं. औषधांचा वाटा मोठा असतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, पण हे बसत नाही. खाजगी विम्याच्या बहुतेक पॉलिसींत वंध्यत्वाशी संबंधित खर्च वगळलेलाच असतो. मला ही मोठी उणीव वाटते. ज्या औषधानं बीजकोश जातात त्याचे पैसे मिळतात आणि ते वाचवण्याचे मिळत नाहीत, यात न्याय नाही. तरी विचारायला लाजू नका. काही केंद्रं कॅन्सरच्या रुग्णांना सवलत देतात, औषध कंपन्यांच्या कमी दरातल्या योजना कधी कधी असतात, रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला ट्रस्ट माहीत असतात. पण वडिलांना एक स्पष्ट सांगा: यासाठी केमो किंवा रेडिएशनच्या पैशाला हात लावायचा नाही. ते पैसे बाजूला ठेवून हे परवडत असेल तरच करा. कर्ज काढून करायची वेळ असेल तर मी तरी आग्रह धरणार नाही.

मग दुसरं काय हाती राहतं? महिन्यातून एकदा पोटाच्या त्वचेखाली द्यायचं गोसेरेलिनचं इंजेक्शन. केमोच्या किमान आठवडाभर आधी सुरू करायचं आणि केमो संपेपर्यंत चालू ठेवायचं. त्यानं बीजकोश झोपवले जातात. स्तनाच्या कॅन्सरच्या पाच चाचण्या एकत्र करून २०१८ मध्ये जो निष्कर्ष निघाला, त्यात हे घेतलेल्यांपैकी १४ टक्के जणींचे बीजकोश निकामी झाले, न घेतलेल्यांपैकी ३१ टक्के जणींचे. बीजं गोठवण्याची जागा हे घेत नाही, पण गोठवलं काय किंवा नाही काय, तिच्या ऑन्कोलॉजिस्टना याबद्दल जरूर विचारा. त्याचा खर्च बीजं गोठवण्याच्या मानानं खूपच कमी आहे.

बीजकोशाचा तुकडा काढून गोठवण्याची पद्धतही आहे. असा तुकडा परत बसवून पहिलं मूल बेल्जियममध्ये २००४ मध्ये जन्मलं. वयात न आलेल्या मुली, किंवा इंजेक्शनांसाठी दहा दिवसही नाहीत अशा रुग्णांसाठी ती मोलाची आहे, पण आपल्याकडे मोजक्या ठिकाणी होते. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, त्या तुकड्यातून कॅन्सरच्या पेशी परत शरीरात जाण्याची भीती असते, म्हणून तिथे फार जपून. तुमच्या बहिणीला याची गरज दिसत नाही.

दोन तपासण्या मात्र टाळू नका. २६ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर म्हणजे बीआरसीए जनुकांची तपासणी हवीच; या जनुकांत दोष असला तर स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. निकालाला काही आठवडे लागतात, त्यासाठी बीजं काढणं थांबवायचं नाही. दोष आढळला तर तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते, आणि गोठवलेल्या बीजांपासून पुढे भ्रूण करताना त्याची तपासणी कायद्यानं करता येते. शिवाय अशा स्त्रियांना दोषाच्या प्रकारानुसार ३५ ते ४५ च्या दरम्यान बीजकोश काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. तेव्हा आजची बीजं आणखी मोलाची ठरतात. तुम्ही सख्खी बहीण आहात. तिच्यात दोष निघाला तर तुमचीही तपासणी करून घ्या. दुसरी तपासणी साधी, केमोआधी गरोदरपणाची. अविवाहित आहे म्हणून ती गाळू नये.

आणि केमो चालू असताना पाळी बंद झाली म्हणजे गर्भ राहणारच नाही, असं नसतं. संबंध येत असतील तर कंडोम किंवा साधी तांब्याची तांबी वापरायची, गर्भनिरोधक गोळ्या नाहीत, कारण त्यात हार्मोन असतात. लग्न केमोनंतर लगेच ठरत असेल तर हे दोघांनाही माहीत हवं.

संमतिपत्रावर सही करताना काही ओळी जड जातील. ती हयात नसली तर बीजांचं काय करायचं, असा प्रश्न त्यात असतो. तो वाचताना तुम्ही तिच्याजवळ असा, पण उत्तर तिला लिहू द्या. साठवणुकीची मुदत आणि दरवर्षीचं भाडं लेखी घ्या. भ्रूणांसाठी कायद्यात कमाल दहा वर्षांची मुदत आहे. बीजांच्या बाबतीत केंद्र किती वर्षं ठेवणार आणि पुढे काय, हे करारात स्पष्ट लिहून घ्या, कारण तिची गोळीच पाच-दहा वर्षं चालणार आहे. केंद्र बंद पडलं तर बीजं कुठे हलवणार, तेही विचारा. केंद्राची एआरटी कायद्याखालची नोंदणी बघा, ते प्रमाणपत्र भिंतीवर असतं.

उद्याच ऑन्कोलॉजिस्टना फोन करा आणि प्रजननतज्ज्ञांच्या नावे दोन ओळींची चिठ्ठी मागा: निदान काय, कुठली केमो, आणि कुठल्या तारखेपर्यंत थांबता येईल. ती तारीख आम्ही ओलांडत नाही. जाताना बायोप्सी आणि ऑपरेशनचा रिपोर्ट, ईआर-पीआर-हर-टूचा कागद, अलीकडच्या रक्ततपासण्या आणि तिचं आधार कार्ड घ्या. बरोबर आई आली तरी चालेल, पण डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की पहिली पंधरा मिनिटं तिला एकटीला बोलायचं आहे. त्या पंधरा मिनिटांत ती काय म्हणाली, ते तिनं स्वतः सांगेपर्यंत तुम्हीही विचारू नका.